रोज दहा मैल

भिलाईच्या सिविक सेंटरहून निघून जी.ई. रोडला लागलं की एका अंगाला रायपूर आणि दुसऱ्या अंगाला दुर्ग, राजनांदगाव मागे टाकत थेट नागपूर. जुन्या सीपी अँड बेरार प्रांताचा हा ग्रेट ईस्टर्न रोड. १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत इथला दुर्ग जिल्हा आणि तिकडचा वर्धा जिल्हा एकाच राज्यात होते, दोघांची राजधानी नागपूरच होती. वर्ध्याकडची माणसं आणि वर्ध्याकडचे विचार या मुलखाला कधीच परके नव्हते.

डिसेंबर १९६३ मध्ये इथून तीसेक किलोमीटरवरच्या रायपूरला सर्वोदय संमेलन भरलं. विनोबा भावे तिथे आले ते पायी. वय अडुसष्ट. वर्ध्याजवळच्या पवनारच्या आश्रमातून ते सप्टेंबर १९५१ मध्ये बाहेर पडले होते आणि अजून घरी परतलेले नव्हते. मधल्या बारा वर्षांत कन्याकुमारीचा समुद्र, पीर पंजालची खिंड, चंबळची दरी, आसामातली गावं असा जवळजवळ सगळा देश त्यांनी पायाखाली घातला होता.

भूदानाची, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन मागत फिरण्याची ही कथा बहुतेक वेळा एकरांच्या हिशेबानं सांगितली जाते. किती जमीन मिळाली, किती वाटली, किती कागदावरच राहिली. तो हिशेब टाळून चालणार नाही, पुढे तो येईलच. पण त्याआधी ही एका प्रवासाची कथा आहे. भूदानाचं बळ कशात होतं आणि ते कुठे कमी पडलं, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते त्या चालण्याच्या वेगात सापडतं.

पवनार ते पोचमपल्ली

१९५१च्या एप्रिलमध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरलं होतं. विनोबा आधी जायला राजी नव्हते. पवनारला तेव्हा कांचनमुक्तीचा प्रयोग चालू होता. पैशाविना जगायचं, स्वतःच्या श्रमावर जगायचं. सहकाऱ्यांनी आग्रह धरला तेव्हा ते म्हणाले, येतो, पण पायी येतो. ८ मार्चला ते निघाले आणि सुमारे तीनशे मैल चालून महिन्याभरात पोचले. देशभर फिरण्याचा कुठलाही बेत तेव्हा नव्हता. एका सभेला जायचं होतं, इतकंच.

संमेलन आटोपल्यावर ते तेलंगणात शिरले. तो मुलूख तेव्हा होरपळत होता. १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालू होता. देशमुख-जहागीरदारांच्या हाती हजारो एकर जमीन आणि राबणाऱ्यांच्या हाती काहीच नाही, असा तिथला व्यवहार होता. रात्री बंडखोरांची सत्ता आणि दिवसा पोलिसांची. विनोबांनी आधी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली आणि मग पोलिसांच्या संरक्षणाविना गावोगाव चालायला लागले.

१८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीला पोचले. आज हे गाव आपल्याकडे साड्यांमुळे ठाऊक आहे. तिथल्या दलित वस्तीत त्यांनी विचारपूस केली, तेव्हा चाळीस कुटुंबांनी सांगितलं की ऐंशी एकर जमीन मिळाली तर आमचं भागेल. सरकारकडे अर्ज करू, असं आधी बोलणं झालं. मग विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, सरकारकडून यायला वेळ लागेल, तुमच्यापैकी कुणी काही करू शकेल का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी शंभर एकर देतो.

त्या रात्री झोप लागली नाही, असं विनोबा पुढे सांगत. गणित हा त्यांचा लाडका विषय. देशातल्या भूमिहीनांना पुरेल इतकी जमीन अशीच मागून मिळवायची तर किती लागेल, याचा हिशेब मनात सुरू झाला. देशातली लागवडीची जमीन तीस कोटी एकर धरली, तर तिचा सहावा हिस्सा पाच कोटी एकर. पुढे हाच आकडा चळवळीचं लक्ष्य ठरला, आणि मागण्याची रीतही त्यातूनच आली. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. तेलंगणात ५१ दिवसांत १२,२०१ एकर जमीन मिळाली आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विनोबा पवनारला परतले.

चालण्याची रीत

त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी त्यांना नियोजन मंडळाशी चर्चेसाठी दिल्लीला बोलावलं. विनोबांनी कळवलं, येतो, पण माझ्या वेळेनं. १२ सप्टेंबरला पवनार सोडलं, ७९५ मैल चालून १३ नोव्हेंबरला ते दिल्लीत आले आणि राजघाटाजवळ झोपडीत उतरले. नियोजन मंडळाचे सदस्य भेटायला तिथे आले. तिथून पुढे मग परतीचा विचारच राहिला नाही.

दिवसाचं वेळापत्रक वर्षानुवर्षं फारसं बदललं नाही. पहाटे तीनला उठायचं. प्रार्थना. अंधारातच कूच करायचं, पुढे कंदील घेतलेला माणूस, मागे विनोबा, त्यांच्या मागे यात्री. पहिला तास-दीड तास शक्यतो शांततेत किंवा भजनात. उजाडलं की बोलणं सुरू व्हायचं. कुणी शंका विचारायचा, कुणी वाद घालायचा, एखादा तरुण भाषा शिकवायचा. वाटेतल्या गावांची माणसं वेशीवर उभी असायची. उन्हं चढायच्या आत दहा-बारा मैल संपवून पडावाच्या गावी पोचायचं. पोटाच्या व्रणाचा जुना त्रास असल्यानं आहार म्हणजे दही, दूध आणि थोडा गूळ किंवा मध, तोही थोडा थोडा करून. दुपारी कार्यकर्त्यांच्या बैठका, संध्याकाळी प्रार्थनासभा, तीत जमिनीचं मागणं, मग दानपत्रं. रात्री लवकर झोप, कारण पहाटे पुढचं गाव.

दानपत्र म्हणजे छापील कागद. देणाऱ्याचं नाव, गाव, जमिनीचा तपशील, खाली सही किंवा अंगठा. त्यासाठी सक्ती नव्हती, कायदा नव्हता, ‘नाही’ म्हणायची पूर्ण मुभा होती. पण विनोबा मिळेल ते मुकाट घेत, असंही नाही. तेलंगणातला एक प्रसंग ते स्वतः सांगत. तीनशे एकरांच्या मालकानं एक एकर देऊ केली, ती त्यांनी नाकारली. मला भीक नको, माझा हिस्सा हवा, हे त्याला समजावलं. दोन मिनिटांत त्या माणसानं तीस एकर लिहून दिली. मागणारा दारात उभा, अंगावर वाटेची धूळ, आणि तो दहा मैल चालून तुमच्या अंगणात आलाय. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा आपल्याकडचा जुना संस्कार. त्या संस्कारालाच विनोबांनी हात घातला. मोटारीतून येऊन, भाषण ठोकून, तासाभरात निघून जाणाऱ्या माणसाला ही जमीन मिळाली नसती.

माणसंही अशीच जोडली गेली. नागपूरच्या निर्मला देशपांडे १९५२ मध्ये यात्रेत आल्या आणि रोजची प्रवचनं टिपत राहिल्या. त्यातून ‘भूदान गंगा’चे खंड उभे राहिले. दामोदरदास मूंदडा, महादेवीताई हे सदैव सोबत होते. परदेशी माणसं येऊन काही दिवस चालून जात. मे १९५३ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकानं मुखपृष्ठावर विनोबांचं चित्र छापलं. शीतयुद्धानं घेरलेल्या त्या काळात जमिनीसारखा रक्तपाताचा विषय कुणीतरी विनंतीनं सोडवू पाहतोय, याचं जगाला कुतूहल होतं.

बिहारची कसोटी

उत्तर प्रदेशात मे १९५२ मध्ये मंगरोठ नावाच्या गावानं एक पाऊल पुढे टाकलं. गावानं सगळीच जमीन अर्पण केली. ग्रामदानाची ही सुरुवात. जमिनीची मालकी गावाची, कसणं प्रत्येकाचं, निर्णय सगळ्यांचा.

त्याच वर्षी सप्टेंबरात विनोबा बिहारमध्ये शिरले आणि सव्वादोन वर्षं तिथेच फिरत राहिले. मागणं ३२ लाख एकरांचं होतं, दानपत्रं आली सुमारे २२ लाखांची. या एका प्रांतानं चळवळीचं सगळं तेज दाखवलं आणि तिची सगळी दुखणीही. चांडिलला मलेरियानं विनोबा मरणाच्या दारात गेले. औषध घ्यायला आधी नकार, मग सगळ्यांच्या विनवणीनंतर होकार. १९५३च्या सप्टेंबरात देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात ते दलितांना सोबत घेऊन गेले, तेव्हा पंड्यांनी त्यांना आणि सोबत्यांना मारहाण केली. विनोबांच्या कानाला इजा झाली. त्यांनी तक्रार केली नाही, मारणाऱ्यांना शिक्षा नको असंच सांगितलं. पुढच्या वर्षी बोधगयेच्या संमेलनात जयप्रकाश नारायण यांनी या कामासाठी जीवनदान जाहीर केलं.

१९५५ मध्ये ओरिसा. पुरीला जगन्नाथाच्या दारातून विनोबा मागे फिरले, कारण सोबतच्या फ्रेंच भगिनीला आत प्रवेश नव्हता. जिथे तिला मज्जाव, तिथे मलाही जायचं नाही, ही त्यांची भूमिका. कोरापुटच्या आदिवासी भागात मात्र ग्रामदानांची रांग लागली. आदिवासींना जमीन आपली एकट्याची ही कल्पनाच फारशी रुजलेली नव्हती, म्हणून ग्रामदान त्यांना चटकन उमगलं. या गावांच्या उभारणीसाठी अण्णासाहेब सहस्रबुद्धे तिथे जाऊन राहिले. हे नाव पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवायला हवं, कारण बाकी सगळे पुढे चालले असताना मागे थांबण्याचं काम त्यांनी पत्करलं.

समुद्रापासून हिमालयापर्यंत

आंध्र आणि तमिळनाडू करत १९५७च्या एप्रिलमध्ये विनोबा कन्याकुमारीला पोचले. तीन समुद्र जिथे मिळतात तिथे उभं राहून त्यांनी प्रतिज्ञा केली की देशात ग्रामस्वराज्य येईपर्यंत ही यात्रा चालू राहील. आणि देशाचं दक्षिण टोक पाठीशी ठेवून त्यांनी उत्तरेची वाट धरली.

आज कन्याकुमारीहून हिमसागर एक्स्प्रेसनं निघालेला माणूस तीन दिवसांत जम्मूच्या पलीकडे कटऱ्याला उतरतो. विनोबांना काश्मीरच्या खोऱ्यात पोचायला सव्वादोन वर्षं लागली. केरळ, मग कर्नाटक. तिथे म्हैसूरजवळ येलवालला सप्टेंबर १९५७ मध्ये ग्रामदान परिषद झाली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू आणि केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रीपाद एका मांडवात बसले आणि ग्रामदानाला सगळ्यांनी पाठिंबा दिला. एकमेकांशी कडाडून भांडणारे पक्ष ज्या माणसासमोर एकत्र आले, त्याच्याजवळ पद नव्हतं, पक्ष नव्हता, निधी नव्हता.

१९५८ मध्ये महाराष्ट्र. साने गुरुजींच्या १९४७च्या उपोषणानं पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं झालं होतं. आता, मे महिन्याच्या अखेरीस, विनोबा इतर धर्मांच्या सहकाऱ्यांना घेऊन विठोबासमोर उभे राहिले, तेही बडव्यांच्या बोलावण्यावरून. देवघरला मार, पुरीला माघार आणि पंढरपूरला स्वागत. गागोद्यात जन्मलेल्या आणि ज्ञानोबा-तुकोबांच्या ओव्या-अभंगांवर वाढलेल्या विनोबांना त्या दिवशी भरून आलं होतं. चालत विठ्ठलाला भेटायला येणं महाराष्ट्राला नवं नाही. या वारकऱ्यानं मात्र वाट आठशे वर्षांच्या वहिवाटीपेक्षा बरीच लांबची घेतली होती.

गुजरात, मग १९५९च्या आरंभी राजस्थान. याच दिवसांत, ४ फेब्रुवारी १९५९ला, भिलाईत पहिली झोतभट्टी पेटली. तिचं उद्घाटन केलं राजेंद्रप्रसादांनी, दीड वर्षापूर्वी येलवालच्या मांडवात बसलेल्या त्याच राष्ट्रपतींनी. सोव्हिएत संघाशी करार झाला होता २ फेब्रुवारी १९५५ला, आणि चार वर्षांत दहा लाख टनांचा पोलाद कारखाना उभा राहिला. त्यासाठी आसपासच्या अनेक गावांची जमीन सरकारनं कायद्यानं घेतली. धानाची शेतं गेली, सेक्टर उभे राहिले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येऊन इथे वसली. इथल्या मराठी घरांची मुळंही त्याच काळातली आहेत. भिलाईला लोक ‘मिनी भारत’ म्हणतात ते उगाच नाही.

एकाच दशकात एकाच देशात जमिनीचे हे दोन व्यवहार चालू होते. एकीकडे अधिसूचना निघायची, मोजणी व्हायची, मोबदला ठरायचा आणि जमीन जायची. दुसरीकडे एक म्हातारा माणूस पहाटे कंदिलाच्या उजेडात चालत यायचा आणि हात पुढे करायचा. भिलाईच्या रुळांवरून आज देशभर गाड्या धावतात, लाखो घरांच्या चुली या कारखान्यावर पेटल्या. त्या बांधणीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जमीन देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क फक्त दुसऱ्या व्यवहारात होता, हेही विसरता येत नाही. ज्यांची जमीन कारखान्याला गेली त्यांच्या दारात कुणी दहा मैल चालून विचारायला आलं नव्हतं.

मे १९५९ मध्ये विनोबा जम्मू-काश्मीरमध्ये दाखल झाले. पूंछच्या बाजूनं खोऱ्यात उतरायचं तर पीर पंजाल ओलांडायला हवा. पायथ्याच्या लोरन गावी पावसानं त्यांना अडकवून ठेवलं. खिंड पार होत नसेल तर ती ईश्वराची इच्छा समजून मागे फिरेन, दुसऱ्या मार्गानं किंवा वाहनानं जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. आभाळ उघडलं. त्रेसष्ट वर्षांचा, दह्या-दुधावर जगणारा हा माणूस साडेतेरा हजार फुटांची चढण चढून बर्फावरून पलीकडे गुलमर्गच्या बाजूला उतरला. काश्मीरात जमिनीचे कायदे आधीच झाले होते, त्यामुळे तिथे जमीन मागण्यापेक्षा ऐकून घेण्याचंच काम अधिक होतं. गावोगावच्या मुसलमान घरांत कुराणाच्या आयता मुखोद्गत असलेला हा मराठी ब्राह्मण बसायचा आणि लोक मन मोकळं करायचे. कुराणासाठी अरबी भाषा त्यानं आधीच शिकून घेतली होती.

बंदुका आणि सरहद्द

परतीच्या वाटेवर चंबळ लागली. ठार झालेल्या डाकू मानसिंगचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगात फाशीच्या शिक्षेखाली होता. त्यानं विनोबांना पत्र लिहिलं की आमच्या लोकांना भेटा. निवृत्त मेजर जनरल यदुनाथ सिंह यांनी दऱ्याखोऱ्यांत फिरून निरोप पोचवले. १९६०च्या मे महिन्यात सुमारे वीस बागी पडावावर आले आणि दुर्बिणीच्या रायफली विनोबांच्या पायाशी ठेवून गेले ते थेट तुरुंगात. पोलिसांच्या काही अधिकाऱ्यांना हे अजिबात पसंत पडलं नाही आणि त्यांनी तसं उघड म्हटलंही. पण तेलंगणापासून चालत आलेली एकच गोष्ट इथे पुन्हा घडत होती. ज्या मुलखात दोन बाजूंच्या बंदुकांखेरीज तिसरं कुणी शिरत नव्हतं, तिथे हा माणूस निःशस्त्र आणि ठरल्या वेळी, ठरल्या वाटेनं चालत जात होता. उद्या तो कुठे असेल हे शत्रू-मित्र सगळ्यांना ठाऊक असायचं.

१९६१च्या मार्चमध्ये आसाम. दीड वर्ष तिथे काढून सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानात गेले. पाकिस्तान सरकारनं परवानगी दिली होती. सोळा दिवस ते तिथल्या गावांतून चालले, तिथेही त्यांनी जमीन मागितली आणि तिथल्या शेतकऱ्यांनी ती दिलीसुद्धा. फाळणीला पंधरा वर्षं झाली होती. त्या सीमेवरून दोन्ही बाजूंनी तोवर निर्वासितच चालत आले होते. मग बंगाल, ओरिसा आणि डिसेंबर १९६३चं रायपूर. तिथे सुलभ ग्रामदान, ग्रामाभिमुख खादी आणि शांतिसेना असा त्रिविध कार्यक्रम ठरला. १० एप्रिल १९६४ला विनोबा पवनारला पोचले. पन्नास हजार किलोमीटरांहून अधिक चालणं झालं होतं.

हिशेब

आता एकरांकडे वळू. देशभरात सुमारे ४२ लाख एकरांची दानपत्रं झाली. पाच कोटींच्या मानानं हा आकडा लहानच. त्यातलाही फार मोठा भाग भूमिहीनांच्या हाती कधी पोचलाच नाही. काही जमीन खडकाळ, काही जंगलातली, काही कोर्टात अडकलेली. काही दात्यांनी मालकी आधीच गेलेली जमीन दिली. काहींच्या वारसांनी शब्द पाळला नाही. पटवाऱ्याच्या दफ्तरात नाव चढलं नाही, आणि जिथे चढलं तिथे कब्जा मिळाला नाही. कब्जा मिळालेल्याजवळ बैल नव्हते, बियाणं नव्हतं. राज्यांनी भूदान कायदे केले, भूदान मंडळं नेमली, पण दानपत्रांचे गठ्ठे पुढे सरकले नाहीत.

टीकाकार म्हणाले, हा भाबडेपणा होता, कायद्यानंच जमीन वाटायला हवी होती. कमाल जमीनधारणेचे कायदे झाले, त्यांनाही पळवाटा निघाल्या, बेनामी नावं लागली. तेव्हा दोष फक्त विनंतीच्या मार्गाचा होता, असं म्हणता येत नाही. मला दोष दिसतो तो दुसरीकडे. विनोबा रोज पुढे जात होते. संध्याकाळी दान, पहाटे कूच. माणसाचं मन बदलायला एक संध्याकाळ पुरते, सातबारा बदलायला पुरत नाही. त्यासाठी कुणीतरी त्या गावात राहायला हवं, तहसीलच्या पायऱ्या झिजवायला हव्यात, मोजणीच्या दिवशी बांधावर उभं राहायला हवं. कोरापुटला अण्णासाहेब थांबले, तसे थांबणारे फार थोडे निघाले. दहा मैलांचा वेग मागण्यासाठी अगदी नेमका होता. देण्याघेण्याचा व्यवहार पुरा करायला तोही फार भरधाव होता.

याचा पुरावा पुढच्या पाच वर्षांनीच दिला. १९६५ मध्ये बिहारात तूफान यात्रा सुरू झाली आणि विनोबा मोटारीनं फिरू लागले. वय सत्तर, शरीर थकलेलं, आणि कार्यकर्त्यांना आकडे हवे होते. ग्रामदानांची संख्या झपाट्यानं वाढली. गावदान, प्रखंडदान, जिल्हादान करत १९६९ मध्ये अख्खं बिहारदान जाहीर झालं. कागदावर एक सबंध प्रांत ग्रामदानी झाला होता, प्रत्यक्षात बहुतेक गावांत काहीच बदललं नव्हतं. जयप्रकाशांना ही पोकळी मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या मुसहरी भागात जाऊन राहिल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे मांडली. चाकं आली तशी गती वाढली आणि खोली गेली.

विनोबांच्या नंतरही हा देश उभा-आडवा ओलांडणारी माणसं निघाली. त्यांच्याच हस्ते १९५१ मध्ये ज्या आनंदवनाचा आरंभ झाला, तिथल्या बाबा आमटे यांनी २४ डिसेंबर १९८५ला, साने गुरुजींच्या जन्मदिनी, कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. पाठीचा कणा निकामी झालेला, बसता न येणारा सत्तरीचा हा माणूस गाडीत आडवा पडून आणि शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर, असे ते पंजाबच्या जळत्या दिवसांत काश्मीरकडे गेले. दोन्ही यात्रांनी एकच सांगितलं. देश पाहायचा तर त्याच्या गावांना आपल्याशी बोलायला वेळ मिळेल, इतक्याच वेगानं जायला हवं.

मग ग्रामदानाचं काय झालं? भिलाईहून राजनांदगावच्या पुढे दक्षिणेला जंगल लागतं आणि त्या जंगलाच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्याचा धानोरा तालुका. तिथे मेंढा नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे, लेखा गावाशेजारचं म्हणून मेंढा-लेखा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं हे गाव १९८० च्या दशकापासून एकत्र बसून विचार करत आलं आहे. निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचा जरी विरोध असला तरी ठराव थांबतो आणि चर्चा पुढच्या बैठकीला जाते. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं. पुढे आपल्या जंगलातला बांबू गावानं स्वतः विकला. आणि २०१३ मध्ये गावकऱ्यांनी महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपापली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. हा कायदा १९६४चा आहे, विनोबा पवनारला परतले त्याच वर्षाचा. जवळपास पन्नास वर्षं तो बहुतांशी कपाटातच होता.

मेंढ्याला ग्रामदान एका संध्याकाळच्या सभेत झालं नाही. अभ्यासगट बसले, कायद्याची कलमं गोंडीत समजून घेतली गेली, शंका वर्षानुवर्षं घोळल्या आणि सगळ्यांची तयारी झाल्यावरच कागदावर सह्या झाल्या. तिथे कुणी यात्री आला नव्हता. विनोबांनी देशभर चालून जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर शोधायला ते गाव जागच्या जागी बसून राहिलं.

आज जमिनीचा प्रश्न संपलेला नाही. खाणी येतात, महामार्ग रुंदावतात, कारखाने वाढतात, आणि प्रत्येक ठिकाणी कुणाची तरी जमीन लागते. छत्तीसगडला आणि विदर्भाला हे कुणी शिकवायची गरज नाही. विनोबांची पदयात्रा मला या कामासाठी उपयोगी वाटते. जमीन हवी असणाऱ्यानं स्वतः चालत दारात जावं, सहजी ‘नाही’ म्हणता येईल अशा रीतीनं मागावं, आणि ‘हो’ मिळालं तर तिथून हलू नये. पहिल्या दोन गोष्टी विनोबांनी करून दाखवल्या. तिसरी मेंढ्यानं दाखवली आहे. ती आता सरकारांनी आणि आपण सगळ्यांनी शिकायची बाकी आहे.